जिल्हा कोर्ट राज्याचं की केंद्राचं? आपली एकच न्यायव्यवस्था नक्की चालते कशी

सुगंधा_वि

मी नागरिकशास्त्र शिकवते आणि संघराज्याचा धडा आला की हा प्रश्न वर्गातून येतोच. विधानसभा वेगळी लोकसभा वेगळी, राज्याचे मंत्री वेगळे केंद्राचे वेगळे, मग राज्याचा कायदा मोडला तर राज्याच्या कोर्टात आणि केंद्राचा मोडला तर केंद्राच्या कोर्टात असं का नाही? पुस्तकात एका ओळीत उत्तर असतं की भारतात एकात्म न्यायव्यवस्था आहे, आणि मुलं ती ओळ पाठ करतात. पण मोठ्या माणसांशी बोलतानाही जाणवतं की ती ओळ कुणाच्या डोक्यात नीट बसलेली नाहीये, म्हणून हा धागा.

मी मुलांना एकच गोष्ट सांगते. कुठल्याही तालुक्याच्या कोर्टाबाहेर त्या दिवसाचा बोर्ड लावलेला असतो तो जाऊन वाचा. एकाच न्यायाधीशांपुढे चेक न वटल्याची केस असते, तो केंद्राचा १८८१ चा कायदा. खालोखाल दारूबंदीची, तो महाराष्ट्राचा १९४९ चा. मग भाडेकरूला काढायचा दावा, महाराष्ट्राचाच १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा, आणि मग बांध कोरला म्हणून मनाई हुकूम मागणारा दावा, परत केंद्राचा. न्यायाधीश एक, खोली एक. कायदा कुणी केला याने कोर्ट बदलत नाही, किती गंभीर गुन्हा आहे किंवा किती रकमेचा दावा आहे याने बदलतं.

आणि हे आपोआप झालेलं नाहीये. ४ नोव्हेंबर १९४८ ला डॉ. आंबेडकरांनी घटनेचा मसुदा संविधान सभेपुढे मांडला तेव्हा त्यांनी मुद्दाम सांगितलं होतं की आपली राज्यव्यवस्था दुहेरी असली तरी न्यायव्यवस्था दुहेरी नसेल, हायकोर्टं आणि सुप्रीम कोर्ट मिळून एकच यंत्रणा असेल आणि घटनेचे, दिवाणी, फौजदारी सगळेच प्रश्न तिच्याकडे जातील. त्याआधी १९३७ पासून फेडरल कोर्ट होतं पण शेवटचा शब्द लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलचा असायचा, ती अपिलं १९४९ मध्ये बंद झाली आणि २८ जानेवारी १९५० ला सुप्रीम कोर्ट सुरू झालं.

जाणकारांनी भर घाला. विशेषतः प्रत्यक्ष कोर्टात काम करणाऱ्यांनी.

पूर्वा_एनजे

सुगंधाताई, छान विषय. मी अमेरिकेत राहते, इथे तुम्ही म्हणता तसं खरंच दोन वेगळ्या व्यवस्था आहेत. प्रत्येक राज्याची स्वतःची खालपासून वरपर्यंत कोर्टं, आणि त्याला समांतर फेडरल कोर्टं. घटस्फोट, घर, करार, बहुतेक गुन्हे हे राज्याच्या कोर्टात. दिवाळखोरी, पेटंट, फेडरल गुन्हे हे फेडरल कोर्टात. दोन वेगवेगळ्या राज्यातल्या माणसांचं भांडण असेल आणि रक्कम ७५,००० डॉलरच्या वर असेल तर राज्याच्या कायद्याचा प्रश्नही फेडरल कोर्टात नेता येतो, त्यामुळे केस कुठे चालवायची यावरच आधी वकिलांची लढाई होते.

आणि मुख्य म्हणजे राज्याच्या कायद्याचा अर्थ काय यावर त्या राज्याच्या सर्वोच्च कोर्टाचा शब्द शेवटचा, वॉशिंग्टनचं सुप्रीम कोर्ट त्यात पडत नाही, फेडरल कायद्याचा किंवा घटनेचा प्रश्न असेल तरच. एकाच कृत्यासाठी राज्य आणि फेडरल सरकार दोघंही वेगवेगळा खटला भरू शकतात, हे २०१९ मध्ये इथल्या सुप्रीम कोर्टाने पुन्हा कायम केलं. आपल्याकडे हे होणार नाही ना?

तालुकावकील

पूर्वाताई, नाही होणार. आपल्याकडे एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला आणि शिक्षा नाही, घटनेचं कलम २०(२). आणि आपल्याकडे खटला चालवणारी कोर्टं एकच असल्यामुळे राज्य वेगळं सार्वभौम आणि केंद्र वेगळं सार्वभौम असा मुद्दाच उभा राहत नाही.

सुगंधाताईंच्या बोर्डाला थोडं पुढे नेतो. तालुक्याला जे साहेब बसतात त्यांचं पूर्ण पद असतं दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर व प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी. म्हणजे सकाळी फौजदारी बोर्ड आणि दुपारी दिवाणी, माणूस तोच. न्यायदंडाधिकारी म्हणून ते तीन वर्षांपर्यंत शिक्षा देऊ शकतात, त्यांच्यावर मुख्य न्यायदंडाधिकारी सात वर्षांपर्यंत, त्यावर सत्र न्यायाधीश कुठलीही शिक्षा, फक्त फाशी दिली तर हायकोर्टाने कायम केल्याशिवाय ती अंमलात येत नाही. दिवाणीत कनिष्ठ स्तर, वरिष्ठ स्तर, मग जिल्हा न्यायाधीश. जिल्हा न्यायाधीश आणि सत्र न्यायाधीश हेही एकच, दिवाणीला बसले की जिल्हा आणि फौजदारीला बसले की सत्र. वर मुंबई हायकोर्ट आणि त्यावर सुप्रीम कोर्ट.

काळीमाती

नमस्कार सगळ्यांना. बरेच दिवस नुसता वाचतोय, हा विषय माझ्या जवळचा निघाला म्हणून लिहितोय. माझ्या आईच्या वडिलांची, म्हणजे आजोबांची वडिलोपार्जित जमीन. आजोबा १९९८ ला वारले, मामांनी वारस फेरफार केला त्यात फक्त तिघा भावांची नावं, आईचं नाव लावलंच नाही. आईचं लग्न १९८५ चं. आम्हाला पाच सहा वर्षांपूर्वी कळलं तेव्हा प्रांतांकडे आरटीएस अपील (फेरफाराच्या नोंदीविरुद्धचं महसुली अपील) केलं ते मागच्या महिन्यात फेटाळलं. आता गावात कुणी म्हणतं जिल्हा कोर्टात अपील करा, कुणी म्हणतं डायरेक्ट हायकोर्ट, एक जण तर म्हणाला सुप्रीम कोर्टाने निकाल दिलाय मुलींच्या बाजूने तर दिल्लीलाच जा. कोर्ट एकच असेल तर प्रांतांच्या निकालावर जिल्हा न्यायाधीशांकडे अपील का होत नाही तेच कळेना.

तालुकावकील

काळीमाती दादा, तुमचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे कारण निम्मे पक्षकार इथेच चुकीच्या दारात उभे राहतात आणि त्यात वर्षं जातात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तहसीलदार, प्रांत, अपर जिल्हाधिकारी, विभागीय आयुक्त ही महसुलाची साखळी आहे. त्यांच्यापुढे वकीलपत्र दाखल होतं, तारखा पडतात, निकालपत्रही निघतं, लोकही तहसीलदार कोर्ट म्हणतात, पण ते शासनाचे अधिकारी आहेत आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ खाली बसतात. आपण ज्या एका शिडीबद्दल बोलतोय तिच्या पायऱ्या ते नाहीत. त्यामुळे प्रांतांच्या आदेशावर अपील अपर जिल्हाधिकाऱ्यांकडे, जिल्हा न्यायाधीशांकडे नाही. जिल्हाधिकारी आणि जिल्हा न्यायाधीश एकाच आवारात असले तरी दोघांचा एकमेकांवर काडीचा अधिकार नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. फेरफार ही महसूल कुणाकडून घ्यायचा याची नोंद आहे, मालकी त्याने मिळतही नाही आणि जातही नाही. हे सुप्रीम कोर्टाने इतक्या वेळा सांगितलंय की आता त्यावर वाद उरलेला नाही. तुमच्या आईचा हिस्सा आहे की नाही हे ठरवायचा अधिकार फक्त दिवाणी कोर्टाचा. म्हणजे फेरफाराच्या अपिलात पाच सहा वर्षं गेली तरी हक्काचा प्रश्न अजून कुठल्याही कोर्टापुढे गेलेलाच नाहीये. वाटपाचा दावा हवा, जमिनीच्या मूल्यांकनाप्रमाणे बहुधा वरिष्ठ स्तर कोर्टात.

तरीपण महसुलाची साखळी मोकाट नाहीये. सर्वात वरच्या महसुली आदेशालाही हायकोर्टात रिट (आदेश तपासून बघा अशी याचिका) करता येते, घटनेचं कलम २२६ आणि २२७. ट्रिब्युनलांचंही (ठराविक विषयांसाठीच्या न्यायाधिकरणांचंही) तेच, १९९७ च्या एल. चंद्रकुमार निकालाने हायकोर्टाचा हा अधिकार संसदेलाही काढून घेता येणार नाही असं सांगितलं. म्हणजे वेगवेगळ्या वाटा दिसतात पण वर जाऊन त्या हायकोर्टाच्या दारात एकत्र येतात.

सुगंधा_वि

बापरे, आणि मला काळीमाती दादांची केस वाचून वाटतंय की एकच न्यायव्यवस्था म्हणजे काय याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला वर्गात कधी मिळालं नसतं. हिंदू उत्तराधिकार कायदा केंद्राचा, १९५६ चा. पण १९९४ ला महाराष्ट्राने स्वतःची दुरुस्ती केली ना मुलींना सहदायक हक्क (वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मानेच हिस्सा) देणारी? आणि २००५ ला केंद्राने केली. मग आईला कुठली लागू, आणि ते ठरवणार कोण, राज्याचं की केंद्राचं कोर्ट असा प्रश्न अमेरिकेत आधी आला असता.

तालुकावकील

बरोबर पकडलंत ताई. महाराष्ट्राची १९९४ ची दुरुस्ती होती पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना ती लागू नव्हती, म्हणजे काळीमाती दादांच्या आई त्यातून बाहेर. मग ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राची दुरुस्ती, तिच्यात लग्नाची अट नाही. पण वडील त्या तारखेला हयात हवेत का यावर देशभर गोंधळ. सुप्रीम कोर्टाच्याच एका खंडपीठाने २०१५ मध्ये सांगितलं हयात हवेत, दुसऱ्या खंडपीठाने २०१८ मध्ये वडील आधी वारलेले असतानाही मुलींना हिस्सा दिला. दोन्ही दोन दोन न्यायमूर्तींचे. खालच्या कोर्टात आम्ही वकील एकमेकांसमोर उभे राहून दोघंही सुप्रीम कोर्टाचाच निकाल वाचून दाखवायचो आणि साहेब कपाळाला हात लावायचे.

शेवटी ११ ऑगस्ट २०२० ला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने विनीता शर्मा प्रकरणात सांगितलं की मुलीचा हक्क जन्माने आहे, वडील २००५ ला हयात असायची गरज नाही, फक्त २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने वाटप झालेलं नसावं, तोंडी वाटप झालं होतं असं नुसतं म्हणून भागत नाही. आणि कलम १४१ मुळे तो निकाल त्याच दिवसापासून देशातल्या प्रत्येक कोर्टाला बंधनकारक. गडचिरोलीत असो नाहीतर तमिळनाडूत, वाटपाच्या दाव्यात तोच कायदा. कुठल्या विधानसभेने तो स्वीकारायची गरज नाही.

म्हणून दादा, दिल्लीला जायची गरज नाही. दिल्लीने जे सांगितलंय ते तुमच्या तालुक्यातल्या कोर्टाला आधीच लागू आहे, ते तिथेच मागायचं. एकाच शिडीचा सामान्य माणसाला सगळ्यात मोठा फायदा हाच आहे असं मी मानतो.

दक्षिणवारा

फायदे पटले, पण दुसरी बाजूही कुणीतरी मांडायला हवी. एकच शिडी म्हणजे सगळी गर्दी पण त्याच शिडीवर. देशात पाच कोटींच्या आसपास केसेस पडून आहेत आणि त्यातल्या बहुतांश जिल्हा आणि तालुका कोर्टांत. आणि वरची पायरी किती लांब ते आम्हाला विचारा. सिंधुदुर्गातल्या माणसाला अटकपूर्व जामिनाच्या अर्जासाठी रात्रीचा प्रवास करून मुंबई गाठावी लागायची. नागपूर, औरंगाबाद, पणजीला खंडपीठं होती आणि आम्हाला नव्हतं, वकिलांनी किती दशकं आंदोलनं केली. शेवटी १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच (हायकोर्टाचं फिरतं खंडपीठ) सुरू झालं, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी. पहिल्या दिवसाची गर्दी बघितली असती तर कळलं असतं लोकांना काय मिळालं ते.

सुप्रीम कोर्टाचं तर दिल्लीच. कलम १३० मध्ये सरन्यायाधीश राष्ट्रपतींच्या मान्यतेने दुसरीकडेही बसवू शकतात असं लिहिलेलंय पण प्रादेशिक खंडपीठं झालेली नाहीत. दक्षिणेतल्या माणसाने दिल्लीतला वकील, दिल्लीतलं राहणं कसं परवडवायचं? व्हिडिओवरून सुनावणी सुरू झाली ते खरंच चांगलं झालं, ती बंद होता कामा नये.

नाझरकाका

मी जिल्हा कोर्टात नोकरी केली, शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो. दक्षिणवारा यांचं म्हणणं रास्त आहे. पण वर जाण्याची जेवढी चर्चा होते तेवढी खाली काय होतं याची होत नाही, म्हणून आतल्या कामाबद्दल लिहितो.

दावा दाखल झाला की प्रत्येक कागदाला निशाणी म्हणजे क्रमांक पडतो. निशाणी १ म्हणजे दावा. निशाणी ५ म्हणजे तूर्तातूर्त मनाईचा अर्ज, आमच्याकडे कुणीही त्याला नावाने हाक मारत नाही, निशाणी पाचवर युक्तिवाद आहे म्हटलं की शिपायालाही कळतं. मग प्रतिवादीची कैफियत म्हणजे लेखी उत्तर, मग साहेब मुद्दे काढतात, मग सरतपास (आपल्याच वकिलाने घेतलेली साक्ष), उलटतपास, युक्तिवाद, निकाल. प्रत्येक तारखेला काय झालं ते रोजनाम्यात.

आता अपील झालं की वरचं कोर्ट पहिलं काम काय करतं, तर खालून आर अँड पी मागवतं. म्हणजे तो सगळा गठ्ठा, निशाण्यांसकट. जिल्हा न्यायाधीश साक्षीदाराला परत बोलवत नाहीत, ते हा गठ्ठा वाचतात. हायकोर्टही तोच गठ्ठा, सुप्रीम कोर्टातही गेलं तर त्याच गठ्ठ्यातल्या कागदांचं पेपरबुक. जो सातबारा, जी वारस नोंद, जी साक्ष खाली निशाणीवर आली नाही ती वर जवळजवळ कधीच येत नाही. अपिलात नवा पुरावा घ्यायची तरतूद आहे पण तो खाली का दिला नाही याचं सबळ कारण लागतं. मी असे लोक पाहिलेत की खाली उलटतपासाला वकील गैरहजर, साक्ष तशीच गेली, आणि वर बघून घेऊ म्हणत राहिले. वर बघायला काही उरलेलंच नसतं.

पहिल्या अपिलात पुरावा आणि कायदा दोन्ही तपासतात. दुसरं अपील हायकोर्टात, तिथे फक्त कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच, साक्षीदार खरं बोलला की खोटं हे तिथे परत उगाळता येत नाही. सुप्रीम कोर्टात तर हक्काने अपील फार थोड्या केसमध्ये, बाकी सगळी कलम १३६ ची विशेष परवानगी.

आणि सुगंधाताई, तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर आमच्या आस्थापनेवर दिसतं. जिल्हा कोर्टाचा पगार राज्य शासनाच्या तिजोरीतून. तालुक्याच्या साहेबांची परीक्षा एमपीएससी घेते. जिल्हा न्यायाधीशाची नेमणूक राज्यपाल करतात, पण हायकोर्टाशी सल्लामसलत करूनच, कलम २३३. आणि नेमणूक झाली की बदली, रजा, बढती, चौकशी सगळं हायकोर्टाच्या हातात, कलम २३५. मंत्रालयातून फोन करून न्यायाधीशाची बदली करता येत नाही. पैसा राज्याचा, कायदे दोघांचे, ताबा हायकोर्टाचा. मग ते राज्याचं म्हणा की केंद्राचं म्हणा.

पूर्वा_एनजे

नाझरकाका, तुमची पोस्ट मी सेव्ह करून ठेवली. शेवटचा पॅरा तर प्रत्येक शाळेत वाचून दाखवावा.

एक शंका, सुप्रीम कोर्टाने विशेष परवानगी एका ओळीत नाकारली तर हायकोर्टाचा निकाल सुप्रीम कोर्टाने मान्य केला असा अर्थ होतो का? बातम्यांमध्ये तसंच छापतात.

तालुकावकील

नाही. कारण न देता याचिका फेटाळली तर एवढंच की त्या केसमध्ये आम्ही हात घालत नाही. २००० सालच्या कुन्हयम्मेद निकालात हे स्पष्ट केलंय. तो कलम १४१ खालचा कायदा होत नाही. निकाल हायकोर्टाचाच राहतो आणि त्या हायकोर्टाच्या हद्दीतल्या कोर्टांनाच बंधनकारक असतो, दुसऱ्या राज्याच्या कोर्टाला वाचून दाखवता येतो पण बंधनकारक नाही. म्हणजे शिडी एक असली तरी २५ हायकोर्टं आहेत आणि एकाच केंद्रीय कायद्याचा मुंबईत एक अर्थ आणि मद्रासमध्ये दुसरा असं काही वर्षं चालू शकतं, सुप्रीम कोर्टाने मिटवेपर्यंत.

दक्षिणवारा

भाषेबद्दल कुणीच बोललं नाही. खाली मराठी आहे, १९९८ पासून महाराष्ट्रात जिल्हा आणि तालुका कोर्टांची भाषा मराठी. साक्ष मराठीत, कैफियत मराठीत. आणि कलम ३४८ मुळे हायकोर्टापासून वर इंग्रजी. म्हणजे नाझरकाकांचा तो गठ्ठा वर गेला की आधी त्याचं भाषांतर, त्याचा खर्च पक्षकाराच्या डोक्यावर, आणि ज्या बाईची जमीन आहे तिला स्वतःच्या केसमध्ये वकील काय बोलतोय ते कळत नाही. यूपी, बिहार, राजस्थान, मध्य प्रदेशच्या हायकोर्टांत हिंदीला परवानगी आहे, मग मराठीला का नको? एकच न्यायव्यवस्था हवी, मी त्याच्या बाजूचाच आहे, पण ती माणसाला कळायला नको का?

सुगंधा_वि

शंभर टक्के सहमत. निकालपत्रांचं मराठी भाषांतर आता वेबसाईटवर यायला लागलंय तेवढं तरी चांगलं, पण सुनावणी कळणं वेगळं.

अखिल भारतीय न्यायिक सेवेचं पण याच्याशीच नातं आहे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने कलम ३१२ मध्ये तिची तरतूद झाली, आयएएससारखी देशभर एकच परीक्षा, पण सेवा काही सुरू झाली नाही. मला आधी कल्पना आवडायची. पण साक्ष मराठीत, सातबारा मराठीत, आणि बसलेल्या साहेबांना मराठीच येत नसेल तर न्याय कसा होणार? वर सगळं एक असू दे, खालचा न्यायाधीश तिथली भाषा येणाराच हवा.

काळीमाती

सगळ्यांचे आभार, आईला रात्री बसून सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली म्हणजे एवढे दिवस आपण हिस्सा मागितलाच नव्हता कुठे. दावा वरिष्ठ स्तरलाच करणार. दोनच प्रश्न, निकाल लागला तर सातबाऱ्यावर नाव पुन्हा तहसीलदारच लावणार ना? आणि वकिलाचा खर्च झेपेल का याची आईला काळजी आहे.

तालुकावकील

हो. शेतजमिनीच्या वाटपात कोर्ट आधी हिस्से ठरवून हुकूमनामा करतं. प्रत्यक्ष जमीन मोजून तुकडे पाडायचं काम दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं, त्यांच्या आदेशाने मोजणी होऊन नावं लागतात. पण तेव्हा महसूल खातं कोर्टाच्या हुकूमनाम्याप्रमाणे काम करतं, हिस्सा किती हे ते परत ठरवू शकत नाही.

खर्चाचं म्हणाल तर तालुका विधी सेवा समितीकडे आईच्या नावाने अर्ज करा, प्रत्येक तालुका कोर्टाच्या इमारतीत असते. बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची मर्यादा बायकांना लागू नाही, कायद्यातच तसं आहे. अर्जाला पैसे लागत नाहीत.

दावा दाखल झाला की १६ अक्षरांचा सीएनआर नंबर (केसचा ओळख नंबर) मिळेल तो मोबाईलमध्ये सेव्ह करा, ईकोर्ट्स अॅपमध्ये टाकला की पुढची तारीख, आदेश सगळं दिसतं, तारखेसाठी वकिलाला फोन करत बसावं लागत नाही.

नाझरकाका

एक राहिलं. दाव्यासोबत जोडायला आजोबांच्या मृत्यूनंतरच्या त्या फेरफाराची आणि प्रांतांच्या आदेशाची प्रमाणित नक्कल लागेल, झेरॉक्स निशाणीला पडत नाही. १९९८ च्या आधीचे जुने सातबारे आणि फेरफारही काढा, जमीन वडिलोपार्जित होती हे त्यावरच सिद्ध करायचंय. नक्कलेचे अर्ज सोमवारीच देऊन टाका, अभिलेख कक्षात जुनं रजिस्टर शोधायला वेळ लागतो. मोडीतला कागद निघाला तर इथेच सांगा, वाचून देणारे दोघं जण माझ्या ओळखीचे आहेत.